दोरीचं दुसरं टोक

“आजोबा, गळ्यात हे काय अडकवलंय?” औषधवाल्याने विचारलं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईने हसू लपवायला तोंड फिरवलं. मी हात गळ्याशी नेला. हाताला जाड विणीची सुती दोरी लागली. तिचा पितळी हूक माझ्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपाशी लोंबत होता. म्हणजे घराचं दार ओढून घेऊन, फाटक लावून, केशकर्तनालयाच्या आरशांसमोरून आणि बसथांब्यावरच्या सगळ्या माणसांसमोरून मी कुत्र्याची दोरी गळ्यात घालून चालत आलो होतो. “कुत्र्याची आहे,” मी म्हणालो. “आणि कुत्रा कुठाय?” “घरी.” “बरं आहे की. तो मोकळा आणि तुम्ही दोरीला,” असं म्हणून औषधवाला ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या कागदी पिशवीत घालू लागला. दुसऱ्या कोणी तिथल्या तिथे दोरी काढून खिशात कोंबली असती, स्वतःही चार लोकांबरोबर हसला असता. मला ते जमलं नाही. काढावी तर आपण वेंधळे आहोत हे कबूल केल्यासारखं, न काढावी तर वेड्यात जमा, या दोहोंच्या मध्ये मी इतका वेळ घुटमळलो की मागच्या बाईला “जरा सरकता का?” म्हणावं लागलं. मी सरकलो. मी नेहमीच लगेच सरकतो. शेवटी दोरी तशीच गळ्यात ठेवून परत निघालो, आणि बसथांबा टाळण्यासाठी पलीकडच्या फुटपाथने आलो. चालता चालता एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला आवडली नाही. इतका वेळ ती दोरी गळ्यात होती आणि मला ती टोचली नव्हती, जड झाली नव्हती, जाणवलीच नव्हती. नोकरीच्या पहिल्या दिवशी ताईने बांधून दिलेला टाय मला आठवला. मला गाठ मारता येत नसे, म्हणून मी तो न सोडता डोक्यावरून काढायचो आणि सकाळी तसाच डोक्यावरून घालायचो. ती गाठ पुढे इतकी घट्ट आणि चकचकीत झाली की टाय झिजून गेला तरी ती सुटली नाही.

दोरी माझ्या गळ्यात होती ती पाहुण्यासाठी. पाहुणा म्हणजे आमचा कुत्रा. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, त्याला पाहुणा म्हणते, कारण बोलावल्याशिवाय तो जेवायला येत नाही आणि कोपऱ्यात बसून सगळ्यांचे चेहरे वाचत राहतो. मेहुणे गेल्यापासून ती माझ्याकडे राहते, म्हणजे कागदोपत्री ती माझ्याकडे राहते. प्रत्यक्षात मी तिच्याकडे राहतो. कुत्रा आणायचा हट्ट तिचा. गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून तिने हा निवडला, आणि निवडला असा की तिथल्या बाईंनीच तिला परावृत्त करायचा प्रयत्न केला. भिजलेल्या विटेच्या रंगाचा, चांगला थोराड, एक कान दुमडलेला. आधी कोणीतरी त्याला तारेने खांबाला बांधून ठेवलेलं होतं, त्यामुळे गळ्याभोवती बोटभर रुंदीची गोल पट्टी आहे, तिथे केस येत नाहीत. दोन घरांनी त्याला नेलं होतं आणि दोघांनीही परत आणून सोडलं होतं. गळ्यातल्या पट्ट्याला काही अडकवलं की तो जमिनीला चिकटतो, म्हणून. “आमच्याकडे दोरी लागणारच नाही,” ताईने ठासून सांगितलं होतं. “तळमजला आहे, मागे अंगण आहे, भोवती भिंत आहे. तो त्याच्या जागी, आम्ही आमच्या जागी.” आणि ते खरंही ठरलं असतं. पण आमच्या इमारतीच्या खांबांना तडे गेले. इंजिनियर आला, त्याने खांबांवर बोटाने टकटक केलं, डोकं हलवलं, आणि महिनाअखेर सगळ्यांनी जागा रिकामी करायची असं ठरलं. आम्हाला दोन रस्ते सोडून, दुसऱ्या मजल्यावर, एक जागा मिळाली. तिथल्या घरमालकीणबाई स्पष्टवक्त्या होत्या. “जिन्यात कुत्रा मोकळा दिसता कामा नये. उचलून नाही, पिंजऱ्यात घालून नाही. माझ्या डोळ्यांसमोर दोरीला नीट चालत वर आला तर किल्ली देते. नाहीतर तुम्ही दोघंच या.” आणि निवाऱ्याचाही नियम होता. तिसऱ्यांदा परत आलेला प्राणी ते पुन्हा कोणाला देत नाहीत. असे प्राणी राहतात तो शेवटचा पिंजरा मी पाहिलेला होता, पंपाच्या भिंतीला लागून. पंप सुरू झाला की आतल्या पाण्याच्या भांड्यात वर्तुळं उठत होती.

ताईचे गुडघे गेलेले. तिला तो आवरणार नाही. तेव्हा हे काम माझ्यावर आलं, ज्याने जन्मात कोणाला ‘इकडे ये’ असंसुद्धा म्हटलं नाही. पहिल्या दिवशी मी पट्ट्याच्या कडीत हूक अडकवला. एवढासा आवाज झाला, खट्. पाहुण्याचे चारही पाय एकदम अंगाखालून निघून गेल्यासारखे झाले. तो फरशीवर पसरला, त्याच्याखालून ओल वाहत आली, आणि मी हूक सोडवल्यावर तो सरपटत जेवणाच्या टेबलाखाली गेला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मी फरशी पुसून काढली. मला वाटलं, याला काय होतं ते मला कळतं. पण लगेच त्या विचाराची शरम वाटली. मला कोणी तारेने बांधलेलं नाही. माझ्या भित्रेपणाला तेवढंसुद्धा कारण नाही.

टेबलाशेजारी भिंतीला पाठ लावून मी जमिनीवर बसलो, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून हाताला लागलं ते वाचायला लागलो. ते धुलाई यंत्राचं माहितीपुस्तक होतं. मी वाचलं तसं, जसं मी सगळं आयुष्य वाचत आलो. मी छापखान्यात वाचक होतो. मुद्रितं तपासणारे गृहस्थ टेबलाच्या त्या बाजूला, त्यांच्यासमोर छापून आलेला कच्चा कागद. मी या बाजूला, माझ्यासमोर मूळ हस्तलिखित. मी मोठ्याने वाचायचं, ते नजरेने पडताळायचे. शब्द तर वाचायचेच, खुणाही वाचायच्या. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद. कथा असो, कायदा असो, मृत्युलेख असो, आवाज एकाच पट्टीत, कारण वाचणारा रंगला की ऐकणारा चुका सोडतो. “तुझ्या आवाजात तू नसतोसच,” ते एकदा पेन्सिल कानामागे खोचत म्हणाले होते, “म्हणून तर माझं काम होतं.” मी ते कौतुक म्हणून घरी आणलं, ताईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. “म्हणजे तू तिथेही नसतोस होय,” ती म्हणाली. कितीतरी वर्षांनी, कपाटातले कपडे लावताना, ते वाक्य मला पुन्हा ऐकू आलं, आणि घडी घातलेला सदरा मी उलगडून परत घडी घातली होती. आता त्या आवाजात मी टेबलाखालच्या काळोखाला सांगत होतो, “यंत्राचे झाकण नीट लागले आहे याची खात्री करावी पूर्णविराम ओल्या हाताने बटण दाबू नये पूर्णविराम.” आतून धापा टाकण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या पानापाशी तो संथ झाला. या आवाजाला त्याच्याकडून काही नको होतं, म्हणून असेल. तिसऱ्या पानापाशी एक नाक टेबलाच्या पायाआडून पुढे आलं. ताई दारात येऊन उभी राहिली होती. “त्याला स्वल्पविराम कळायला लागले की मला सांग,” ती म्हणाली. “या घरात निदान एकाला तरी कुठे थांबावं ते कळू दे.”

तिथून मला वाट सापडली, म्हणजे माझ्यापुरती. रोज वाचताना हूक मी हातात धरायचो, आणि पूर्णविराम म्हणताना तो उघडून मिटायचो. खट्. आधी अगदी हळू, सदऱ्याच्या घोळात झाकून. मग उघडा, मांडीवर. मग टेबलाच्या पायाजवळ. त्या आवाजाने त्याच्या पापण्या फडफडत, मग फक्त दुमडलेला कान हले, आणि एके दिवशी कानही हलला नाही. तो आवाज इतर खुणांमधली एक खूण होऊन गेला, आली आणि गेली. निवाऱ्यातल्या बाईंनी मांसाचे तुकडे देऊन बघा असं सुचवलेलं होतं. पण घाबरलेला पाहुणा काही खातच नसे. तुकडे त्याच्यासमोर वाळून जात आणि नंतर मुंग्या येत. दोरी मात्र अजून त्याच्या दृष्टीने त्या हुकापेक्षा वेगळी गोष्ट होती, लांब आणि वळवळणारी. ती खुर्चीवर ठेवली तर तो खुर्चीला वळसा घालून जायचा. तेव्हा मला सुचलं की ती आपणच वापरावी. मी ती गळ्यात घालून घरभर वावरू लागलो. चहा केला, अंघोळीचं पाणी काढलं, पुस्तकांवरची धूळ झटकली. आणि त्या दिवशी सकाळी, मी वाकून वर्तमानपत्र उचलत असताना, पाहुणा मागून आला आणि माझ्या छातीवर लोंबणारा हूक त्याने हुंगला. ओलं नाक एकदा धातूला लागलं, मग माझ्या हनुवटीला. या आनंदात मी सरळ औषधं आणायला गेलो. “तरीच,” मी दुकानातली हकिगत सांगितल्यावर ताई म्हणाली, आणि डोळे पुसत हसली. “तुला कोणीतरी बांधून फिरवायला हवंच होतं. आईच्या मनात फार होतं, पण तिला हूक मिळाला नाही.”

त्या आठवड्यात मी त्याच्या पट्ट्याला दोरी लावली आणि तो उभा राहिला. कापत, पण उभा. दोरी मागे घसटत तो स्वयंपाकघरातून अंगणात गेला आणि परत आला. मी आणि ताईने एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही, उगाच काही बिघडायला नको म्हणून. पण फाटकापुढे गाडी अडली. रोज सकाळी आम्ही तिथे जायचो. तो फाटकाची पट्टी हुंगायचा, एक पाय बाहेर टाकायचा, आणि मग काहीतरी व्हायचं. कधी सायकलची घंटा, कधी नुसतीच वाऱ्याने सरकलेली कागदी पिशवी. तो गर्रकन वळायचा, दोरीचा जमिनीवर पडलेला वेढा त्याच्या मागच्या पायांत यायचा, तो आणखी भेदरायचा, आणि मी सोडून द्यायचो. दोरी उंदराच्या शेपटीसारखी त्याच्या मागे दारातून आत जाताना दिसायची. मग मी बाहेर, तो आत. लोक जाता-येता पाहायचे. समोरचा केस कापणारा एकदा वस्तरा पुसत म्हणाला, “काका, कुत्रा तुम्हाला फाटकापर्यंत पोचवायला येतो का रोज?” मी हसलो. घरात येऊन टेबलापाशी बसलो, आणि तो टेबलाखालून माझ्या चपलेवर हनुवटी टेकवून पडला. हे तर आणखीच अवघड होतं. आपण हे कोणासाठी करतो आहोत? त्याला पंपाच्या भिंतीशी जावं लागू नये म्हणून, की एकदा तरी आपल्या हातून काहीतरी पुरं व्हावं म्हणून? आणि समजा पिंजऱ्यात त्याला बरंच वाटलं तर? तिथे निदान कोणी त्याला रोज फाटकापर्यंत नेणार नाही. असले विचार मला चांगले जमतात. त्यांना मी मान खाली घालून दुसऱ्या सकाळपर्यंत ऐकत राहू शकतो. पण या वेळी एक गोष्ट वेगळी होती. सकाळ झाली की मी दोरी घेऊन फाटकाशी जायचोच. विचारांचं काही उत्तर सापडलेलं नसायचं, तरी पाय जायचे. महिना संपत आला होता, ताईने भांडी खोक्यांत भरायला घेतली होती, आणि मी ठरवलं होतं की हा कुत्रा त्या जिन्यावरून वर जाईल. कसा, ते मला माहीत नव्हतं.

निवाऱ्यातल्या बाई एका दुपारी येऊन गेल्या, पाहणीसाठी. चष्म्याच्या काचा जाड, खांद्याला फुगलेली पिशवी, बोलायची घाई. त्यांनी मला पाहुण्याबरोबर फाटकापर्यंत जाऊन दाखवायला सांगितलं. तो वळला, पळाला. मी बाहेर राहिलो. “काका, दोरी धरा की,” त्या म्हणाल्या. “धरली होती.” “कुठे? तुम्ही ती नुसती हातात ठेवली होती.” “त्याला ओढ बसू नये म्हणून ढिली...” “ओढू नकाच. पण पलीकडे कोणी आहे, एवढं तरी त्याला कळू दे.” त्यांनी आत जाऊन पाहुण्याची दोरी सोडवून आणली, तिचं एक टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि डोळे मिटले. “आता सांगते. तुम्ही आहात की गेलात.” मी दोरी धरली. “गेलात,” त्या म्हणाल्या. मी बोटं मिटली. “गेलात.” मी हात जरा मागे घेतला. “अहो, अजून गेलेलेच आहात.” ताई दाराच्या चौकटीला टेकून हे ऐकत होती, तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी मेहुण्यांच्या बढतीच्या वेळीही पाहिलं नव्हतं. “बाई, जन्मभर मी हेच सांगतेय,” ती म्हणाली. “फक्त हाताशी दोरी नव्हती.” मी मूठ वळली आणि कोपर अंगाशी घेतलं, दोरीतला झोळ उचलला गेला, आणि ती हवेत एक सरळ रेघ होऊन उभी राहिली. बाई ओढल्या गेल्या नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली. “हं. आता आहात.” हे ऐकताना मला ताईचा हात आठवला. शाळेत जाताना रस्ता ओलांडायचा तेव्हा इतर मुलांच्या बहिणी त्यांची बोटं धरत. ताई माझं मनगट धरायची. मला त्याचा भारी राग यायचा. मी हात झिडकारायचो, मारल्यासारखं रडायचो, आणि ती समोर रस्त्याकडे पाहत उभी राहायची, पकड घट्टही करायची नाही, सैलही करायची नाही. गाड्या जात राहायच्या. शेवटी माझं रडणं त्या हाताला टेकून थांबायचं. तिची वेणी, तेलाचा वास, आणि आपण आहोत तिथे आहोत अशी एक जड, शांत भावना. त्यानंतर इतक्या वर्षांत असं कोणी मला धरलं नाही. मीही कोणाला धरलं नाही. माझ्यामुळे कोणाला ओढ बसू नये, एवढी एकच काळजी मी आयुष्यभर घेत आलो, आणि तिला सभ्यपणा समजत आलो.

मग आम्ही सराव केला. पाहुण्याच्या आधी ताईबरोबर. ती स्टुलावर बसून बटाटे सोलायची, दोरीचं टोक तिच्या दंडाला, मी दुसऱ्या टोकाला, उघड्या खोक्यांच्या मधून. “गेलास,” ती म्हणायची. “गेलास. गेलास. अरे, कुठे हिंडतोस? आलास. आता थांब तिथेच. मेल्या, हात उपटशील माझा!” पाहुणा दारातून हे पाहायचा, आळीपाळीने दोघांकडे मान वळवत. मला वाटतं, दोरीच्या दोन्ही टोकांना माणसं आहेत आणि त्यातलं एक बटाटे सोलतं आहे, हे पाहून त्याचीही भीती थोडी उतरली असावी. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी कोणाच्या तरी मोटारीचं दार धाडकन लागलं, तो वळला, आणि दोरी ताणली गेली. माझा हात गेला नाही. मी ओढलं नाही, सोडलंही नाही. तो सगळ्या वजनाने घराकडे झुकला होता, पंजे जमिनीला घासत होते, आणि दोरीतून त्याचं सारं काही माझ्या मुठीत येत होतं, धाप, थरथर, छातीच्या आतली ती वेडी ठकठक. मला वाटलं होतं की दोरी म्हणजे आपण त्याला काहीतरी करणं. प्रत्यक्षात तिच्यातून इकडेच जास्त येत होतं. हळूहळू तो घराकडे झुकायचा थांबला. मागे वळून त्याने माझ्याकडे पाहिलं, भिंत समजून आपण जिला टेकलो ती गोष्ट जिवंत निघाली तर आपण पाहू तसं. त्या दिवशी आम्ही फाटकाबाहेर गेलो. त्यानंतर केशकर्तनालयापर्यंत. त्यानंतर बसथांब्यापर्यंत, जिथे मी पहिल्यांदाच लोकांच्या मधून गेलो. मला बस ऐकू यायच्या आधी ती दोरीतून कळू लागली.

जागा सोडायच्या सकाळी सामानाचा टेम्पो गेला आणि त्याच्या पुढच्या सीटवर बसून, मांडीवर घड्याळ आणि काखेत झाडू घेऊन, ताई गेली. जाताना म्हणाली, “आम्ही वर आहोत. तुम्ही दोघं या. आणि हे बघ, सारखं त्याच्याकडे बघू नकोस. समोर बघ.” रिकाम्या खोल्यांत पाहुण्याच्या नखांचा आवाज दुप्पट होत होता. टेबल गेलेलं; तो टेबलाच्या जागी जाऊन, मोकळ्या फरशीवर, चार पायांचे पांढरे ठसे उरले होते त्यांच्या मधोमध बसला. मी हूक लावला. खट्. तो उठला. रस्ता आम्ही ओलांडला, पहिला आणि दुसरा. दुसऱ्या रस्त्याच्या मध्यावर एक मोटरसायकल फटफटत आमच्या अगदी जवळून गेली तेव्हा तो उलटा फिरला, दोरी तळव्यातून सरकली आणि चटका बसला, आणि मी म्हणालो, “नाही.” मोठ्याने म्हणालो असं नाही, पण तो आवाज वाचण्यातला नव्हता. मला स्वतःलाच तो अनोळखी वाटला. पाहुण्याने मान वर केली, मग तो माझ्या गुडघ्याला चिकटून चालू लागला, आणि मला वाटलं, संपलं, आता फक्त दार.

दारातून आत गेल्यावर मला जिना दिसला. आम्ही सगळी तळमजल्यावरची माणसं. एवढा विचार केला, खट् आवाजाचा, दोरीचा, फाटकाचा, रस्त्यांचा, बसचा. ताईने केला, मी केला, निवाऱ्यातल्या बाईंनी केला. या कुत्र्याने जन्मात जिना पाहिलेला नाही, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गुळगुळीत दगडी पायऱ्या, मध्यभागी झिजलेल्या, वर वळून अंधारात गेलेल्या. पाहुण्याने पहिल्या पायरीवर नाक ठेवलं, मग पंजा ठेवला, पंजा घसरला, आणि तो बसला. वरून कठड्यावर वाकून घरमालकीणबाई पाहत होत्या. त्यांच्या हातातल्या किल्ल्या वाजल्या. त्यांच्या शेजारी ताईचं डोकं दिसलं.

“चालतो ना तो?” घरमालकीणबाई वरून म्हणाल्या. “चालतो,” मी म्हणालो. “मग?” “जिना नवीन आहे त्याला.” “किती वेळ लावणार?” माझ्या तोंडात ‘माफ करा’ तयार होतं. ते तिथे इतकी वर्षं राहत आलं आहे की त्याला बोलवावं लागत नाही. मी ते गिळलं. “लागेल तेवढा,” मी म्हणालो. मी एक पायरी चढलो आणि दोरी उचलून धरली, इतपत की मी आहे हे त्याला कळावं. तो बसून होता. मी थांबलो. दोरीतून थरथर येत होती, मग ती विरळ झाली, मग पुन्हा आली. वरून एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन उतरत आला. “जरा बाजूला होता का?” तो म्हणाला. माझं अंग आपोआप भिंतीकडे निघालं होतं. मी ते थांबवलं. सरकलो असतो तर दोरी सैल पडली असती. “थांबावं लागेल,” मी म्हणालो. “आम्ही वर येतोय.” त्याने सायकल दुसऱ्या खांद्यावर घेतली, कुत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “या,” तो म्हणाला आणि वळणावर भिंतीला टेकून उभा राहिला.

मी वाचायला लागलो नाही. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं, आणि मला तो आवाज नकोही होता. मी फक्त म्हणालो, “चल. मी आहे.” हे असं काही मी कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. पाहुण्याने पुढचे दोन्ही पाय पहिल्या पायरीवर ठेवले आणि मागचे खाली विसरला. तसाच लांबट होऊन उभा राहिला, पुलासारखा. मग मागचे आले. पुन्हा पुढचे, पुन्हा मागचे. वळणावर सायकलच्या चाकाला त्याचं शेपूट घासलं आणि तो दचकला, खाली झेपावला, माझा खांदा निखळतो असं वाटलं, माझी टाच पायरीच्या कडेवर आली. मी कठडा धरला. दुसरा हात जिथे होता तिथे होता. “पडाल आजोबा, सोडा,” सायकलवाला म्हणाला. मी सोडली नाही. आम्ही दोघं असे लटकल्यासारखे उभे राहिलो, दोघांच्याही धापा जिन्यात ऐकू येत होत्या. त्याची धाप संपली तेव्हा माझी चालूच होती. तो माझ्याकडे आला, माझ्या गुडघ्याजवळून पुढे गेला, आणि मग त्याला काय सापडलं कोण जाणे, पायऱ्यांची ती चढती लय असेल, नाहीतर वरून येणारा ताईचा वास, तो सुटला. तो वर निघाला, मी मागे. दोरी ताणलेली होती, पण आता ओढला जात होतो तो मी. पहिला मजला गेला, दुसरं वळण गेलं, घरमालकीणबाई कठड्याला चिकटल्या, आणि पाहुणा त्यांच्या पायांवरून उघड्या दारातून, खोक्यांमधून, थेट आत गेला. दोरीची लांबी संपली. तो आत होता आणि मी बाहेर, जिन्याच्या चौकात, उजवा हात पुढे ताणून.

ताई चौकटीत आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात नव्हतं. “ये की आत,” ती म्हणाली. “तुला काय वेगळं बोलावणं पाठवायचं?” घरमालकीणबाईंनी साडीवरचे कुत्र्याचे केस झटकले. दारातून आत, दोरीच्या त्या टोकाकडे, त्यांनी बराच वेळ पाहिलं. पाहुणा भिंतीला अंग लावून उभा होता आणि सगळा थरथरत होता, पण उभा होता. मग त्यांनी जुडग्यातून एक किल्ली सोडवली आणि माझ्यापुढे धरली. “सोडा आता त्याला,” त्या म्हणाल्या. “घरी आलाय. ही किल्ली घ्या.”

दोरीतून अजून त्याचा श्वास येत होता, आखूड, अडखळत.

“डाव्या हातात द्या,” मी म्हणालो.